नाव राहू द्या, हुद्दा उतरवा

आमच्या बोपोडीच्या खोलीच्या दाराला पत्र्याची एक पाटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत हिंदीतून बापाचं नाव, नावाच्या आधी 'हवलदार', खाली 'महार रेजिमेंट'. उन्हात नीट बघितलंत तर 'हवलदार'च्या खालून दुसरी अक्षरं फुगून आलेली दिसतात. ती 'नायक' आहेत. बढती झाली तेव्हा पलटणीच्या पेंटरनं नवा पत्रा काढला नाही, जुन्यावरच ब्रश फिरवला. बाप १९७९ साली भरती झाला आणि २००१ साली पेन्शनीत आला. क्वार्टर सोडताना एमईएसच्या बाबूनं पंखे मोजले, होल्डर मोजले, खिडकीच्या काचा मोजल्या, तडा गेलेल्या एका काचेचे पैसे कापून घेतले. पाटी तेवढी आमची होती. आईनं ती जुन्या लुगड्यात गुंडाळून काळ्या ट्रंकेत घातली. झोपडपट्टीत खोली घेतली तेव्हा आधी चूल मांडली नाही, आधी खिळे ठोकले.

हे घरचं दळण संपादकीयात कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारा. कारण हल्ली एक चर्चा कानावर येते. लष्करी वसाहतीत कुटुंबाच्या घरावर राहणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहावा की लिहू नये? नको म्हणणाऱ्यांचं कारण सुरक्षेचं. शत्रूला कळेल, अतिरेक्याला कळेल, कुठल्या दारामागे कोण झोपतो ते. हवं म्हणणाऱ्यांचं कारण परंपरेचं. दोन्हीकडचे लोक बोलतात ते बंगल्याच्या फाटकावरच्या पितळी पाटीबद्दल. आमच्या पत्र्याच्या पाटीबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आपण बोलू.

आधी सुरक्षेचं. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना १० ऑगस्ट १९८६ रोजी इथंच, पुण्याच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. मार्च २०१५ मध्ये 'इस्लामिक स्टेट'च्या नावानं अमेरिकेच्या शंभर लष्करी माणसांची नावं-पत्ते इंटरनेटवर टाकले गेले, मारा म्हणून. आपल्या लष्करानंही जुलै २०२० मध्ये जवानांना आणि अधिकाऱ्यांना फोनमधली ८९ ॲप काढून टाकायला लावली, त्यात फेसबुक होतं. नाव-पत्ता हे हत्यार होऊ शकतं, कबूल.

पण १४ मे २००२ आठवा. जम्मूजवळ कालूचक. अतिरेकी बसमधून आले, बसमधल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या आणि तिथून लष्कराच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये घुसले. बायका मारल्या, पोरं मारली. ते काय दारावरचे हुद्दे वाचत थांबले होते? फेब्रुवारी २०१८ मध्ये सुंजवानला परत तेच, परत कुटुंबांच्या वस्तीवर. हल्ला करणाऱ्याला एवढंच पुरतं की ही फौजेची घरं आहेत. हुद्दा त्याला लागत नाही.

मग दारावरचा हुद्दा कुणाला लागतो?

माझं लहानपण लाइनीत गेलं. लाइन म्हणजे शिपाई-नाईक-हवालदारांच्या क्वार्टरांची रांग. जेसीओंची क्वार्टरं वेगळी, अधिकाऱ्यांचे बंगले त्याहून वेगळे, मध्ये रस्ता, झाडं, आणि न दिसणारी एक वेस. दूधवाला पाटी वाचून भैयाचा साहब करायचा, साहबचा भैया करायचा. पोरं तर पाटीशिवाय एकमेकांशी बोलायचीच नाहीत. नव्या पोराला पहिला प्रश्न, तेरे पापा क्या हैं? नाव नंतर. क्रिकेटमध्ये बॅट सुभेदाराच्या पोराची असो नसो, पहिली बॅटिंग त्याची. आणि बायका! माझ्या आईला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे. लाइनीतल्या बावीस वर्षांत ते कुणी घेतलं नाही. ती आधी नायकनी होती, मग हवलदारनी झाली. वेलफेअरच्या मीटिंगला अधिकाऱ्यांच्या बायका सोफ्यावर, सुभेदारनी खुर्चीवर, आणि आमच्या आया खाली सतरंजीवर. कुणी सांगायला लागत नसे कुठं बसायचं. नवऱ्याच्या खांद्यावरच्या फिती बायको पाठीवर घेऊन चालायची.

लढाईत हुद्दा लागतो हे मला कळतं. गोळ्या चालू असताना दहा जणांनी दहा मतं द्यायची नसतात. पण स्वयंपाकघरात कोण कुणाला हुकूम देणार आहे? नळावर कसली चढाई करायची आहे? हुद्दा वर्दीचा आहे. वर्दी संध्याकाळी खुंटीला लागते. दारावरची पाटी रात्रीही ड्युटीवरच असते.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. उतरवा म्हणून मोकळं होता येतं. आता वाकडी होते ती बघा.

आमच्या गावात बापाला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते हाक मारायला नव्हतं. हाक जातीची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियमच दिलेला आहे. ब्राह्मणाचं मंगलाचं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीत कचरू हे नाव घरटी सापडतं. आम्ही तर शूद्राच्याही खालचे, गावकुसाबाहेरचे. असल्या माणसाचं नाव सरकारी पेंटर रंगात लिहितो, दारावर लावतो, येणारा-जाणारा ते वाचतो आणि आत जाण्याआधी कडी वाजवतो. बाप सुट्टीवर गावी जायचा तेव्हा पाटलाचा पोरगा त्याला नुसतं 'आला का रं' म्हणायचा. परत आला की लाइनीच्या तोंडाशी संत्री म्हणायचा, राम राम हवलदार साब. त्या दोन हाकांमधलं अंतर रेल्वेच्या दोन रात्रींचं होतं, आणि हजार वर्षांचं.

ही एकट्या माझ्या बापाची गोष्ट नाही. बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले ते महूच्या छावणीत. वडील सुभेदार, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. छावणीच्या आत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव घ्यायला लोकांना मान द्यावा लागत होता. बाहेर? १९०१ साली हा पेन्शनर सुभेदाराचा मुलगा भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर टोपी. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करायला आला, आणि पोरांच्या तोंडून जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनी स्वतः हाकली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलंय. बापाचा हुद्दा छावणीच्या नाक्यापर्यंतच चालतो, हे त्या दिवशी नऊ-दहा वर्षांच्या पोराला कळलं.

आणि त्याच लिखाणात बडोदा आहे. १९१७. परदेशात शिकून आलेला माणूस संस्थानाच्या नोकरीत रुजू होतो आणि त्याला राहायला घर नाही. पारशी खानावळीच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून राहावं लागतं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात. सरकारी बंगला मिळेल म्हणून वाट बघितली, तो मिळाला नाही. म्हणजे हुद्दा होता, शिक्षण होतं, नोकरी होती, फक्त स्वतःच्या नावाची पाटी लावता येईल असं दार नव्हतं. दोस्त हो, घरावरचं नाव ही आपल्यासाठी शोभेची वस्तू कधीच नव्हती.

महार रेजिमेंटचं तर आणखी एक गंमतीदार प्रकरण आहे. गंमतीदार म्हणतो, कारण रडण्यापेक्षा ते बरं. कोरेगावच्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली बावीस नावं कोरली. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई. ज्या सरकारनं नावं दगडात कोरली त्याच सरकारनं त्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची भरती बंद केली. लढाऊ जात नाही म्हणे! गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेच्या मंत्र्यापर्यंत अर्ज नेला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण काढली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या प्रांतांतले, सगळ्या जातींचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९८७ साली श्रीलंकेत लढताना मेलेले, परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे. आता विचार करा. कुठला तरी बंगाली, कुठला तरी जाट, कुठला तरी तमिळ ब्राह्मण आपल्या नावाखाली 'महार' हा शब्द अभिमानानं लिहितो आणि दारावर लावतो. आणि तिकडं गावात हाच शब्द उच्चारला की अॅट्रॉसिटीची केस होते. शब्द एकच. कुणाच्या दारावर तो बिरुद, कुणाच्या अंगावर तो डाग. माझ्या बापाच्या पाटीवर तो दोन्ही होता. बोपोडीत पाटी वाचून लोकांना आधी रेजिमेंट कळत नाही, आधी जात कळते.

म्हणून नुसतं पाटी उतरवा म्हणणाऱ्या पुरोगाम्यांशी माझं जमत नाही. पाटी उतरवल्यानं काय होतं याचा अनुभव आपल्या पदरी भरपूर आहे. १९७४ च्या आंदोलनात बिहारमध्ये पोरांनी आडनावं टाकली. जात गेली का? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, महारवाडा नको, मांगवाडा नको, समतानगर म्हणा, भीमनगर म्हणा. चांगलंच केलं, मी विरोध करत नाही. पण समतानगर गावाच्या त्याच टोकाला राहिलं ना? लष्करी वसाहतीतही तेच होणार. उद्या सगळ्या पाट्या काढल्या तरी घर स्वतःच हुद्दा सांगतं. खोल्या किती, अंगण किती, मोटारीला छप्पर आहे की नाही, हे सगळं हुद्द्याच्या मापानं बांधलेलं आहे. २००२ नंतर मॅरिड अॅकोमोडेशन प्रोजेक्टमधून नव्या उंच इमारती झाल्या, लिफ्ट आल्या, संडास घरात आले. बरं झालं. पण माप तेच राहिलं, अधिकाऱ्याचं वेगळं, जेसीओचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. आंधळासुद्धा भिंतीला हात लावत गेला तर सांगेल आपण कुणाच्या दारात उभे आहोत.

आता माझ्या मावशीकडे या. ती इथंच, एका छावणीतल्या बंगल्यामागे सर्व्हंट क्वार्टरमध्ये राहते. छावणीचं नाव सांगत नाही, तिला तिथं राहायचंय. पुढं बंगला, मधे लॉन, मागं भिंतीला टेकून एक खोली आणि एक ओटा. भाडं नाही. भाड्याऐवजी सकाळची भांडी, झाडूफरशी, दुपारची धुणी, पार्टी असेल त्या रात्री बारापर्यंत उभं राहणं. बंगल्याच्या फाटकावर पाटी आहे. मावशीच्या दारावर पाटी नाही, डांबरी रंगात एक नंबर आहे. तिची बँकेची पत्रं, पोराच्या कॉलेजची पत्रं साहेबाच्या 'मार्फत' येतात. साहेबाची दोन-तीन वर्षांनी बदली होते. फाटकावरची पाटी बदलते की मावशीचा पत्ता बदलतो. ती जागची हलत नाही आणि तिचा पत्ता मात्र कर्नलहून ब्रिगेडियरकडे बढती घेत जातो! नवीन मेमसाबला तिचं काम पसंत पडलं नाही तर पत्ताही नाही आणि छप्परही नाही. गेल्या पंधरा वर्षांत दोनदा तिनं सामान बांधून ठेवलं होतं. दोनदा वाचली. एकदा मी तिला विचारलं, तुझ्या दारावर तुझं नाव लिहू का? हसली. म्हणाली, "आरं, भिताड सरकारचं, दार सायबाचं, मी कुठं लिवू नाव? कपाळावर?"

सुरक्षेच्या चर्चेत हिचं दार येत नाही. तिथं नावच नाही, त्यामुळं धोकाही नाही. केवढी सुरक्षित आहे ती!

आणि ज्याला दारच नाही अशी एक नवी जात २०२२ पासून तयार झालीय, अग्निवीर. चार वर्षांची नोकरी, नंतर चारातला एक जण ठेवायचा. अविवाहितच पाहिजे, चार वर्षं लग्न करायचं नाही. लग्न नाही म्हणून फॅमिली क्वार्टर नाही, क्वार्टर नाही म्हणून पाटी नाही. आमच्या वस्तीतली पोरं अजूनही पहाटे साडेचारला धावायला जातात. माझ्या बापाला पाटी मिळायला किती वर्षं लागली हे मला माहीत आहे. या पोरांतल्या बहुतेकांना खिळा ठोकायच्या आतच घरी पाठवणार आहेत.

हे लिहायचं ठरल्यावर मी एक आगाऊपणा केला. म्हटलं दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःच्या दारापासून सुरुवात करू. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर गेलो आणि आईला म्हणालो, हुद्दा खरवडून टाकतो, नाव ठेवतो, शेजारी तुझं नाव लिहितो. आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच उठून दारात आली.

"हुद्दा काढलास तर खाली काय उरतं, ठावं हाय का तुला?"

मी म्हणालो, नाव उरतं.

"नाव तुज्या कागदावर. आपल्याला हुद्दा काढला की जात उरती." मग जरा थांबून म्हणाली, "त्या बंगल्यावाल्याचा काढ आधी. त्याच्याखाली आडनाव हाय त्याला राहायला. माज्या दाराला हात लावायचा न्हाई."

मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

मी पुस्तकं वाचून जे मांडत होतो त्यातली चूक तिनं दोन वाक्यांत दाखवली. वरच्याचा हुद्दा ही त्याच्या आडनावावरची कलाबूत आहे. काढली तरी खालचं कापड शाबूत. आमच्याकडं हुद्दा हेच अंगावरचं कापड. सगळ्यांच्या पाट्या एका दिवशी एका हुकमानं उतरवा, म्हणजे समता झाली, असं जो म्हणतो तो सोफ्यावर बसून बोलतो. उतरवायचं तर वरून उतरवत या.

आणि वरून उतरवता येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना एकसारखी वर्दी झाली. आपापल्या रेजिमेंटच्या टोप्या, खांद्यावरचे बिल्ले, गळ्यातल्या दोऱ्या सुटल्या. पंचवीस-तीस वर्षं ज्या खुणेवर ऊर फुगवला ती खूण लष्करानं आपल्याच सर्वांत मोठ्या साहेबांच्या अंगावरून काढली. आकाश कोसळलं नाही. जे अंगावरून निघतं ते फाटकावरून निघत नाही होय?

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. राहत्या घरावर राहणाऱ्यांची नावं लावा. घरात दोन माणसं आहेत, नावं दोन लावा, बायकोचंही, तिच्या स्वतःच्या नावानं. हुद्दा ऑफिसच्या दारावर राहू द्या, तिथं त्याचं काम आहे. घरावरचा हुद्दा उतरवायची सुरुवात स्टेशनमधल्या सर्वांत मोठ्या बंगल्यापासून करा आणि लाइनीत सगळ्यात शेवटी या. सुरक्षेसाठी नावंसुद्धा नकोत असं ठरलं तर नंबर सगळ्यांनाच लावा, कमांडरच्या बंगल्यालाही तसलाच, डांबरी रंगात. सर्व्हंट क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला तिच्या नावावर राहण्याचा कागद द्या, म्हणजे साहेबाच्या बदलीबरोबर ती रस्त्यावर येणार नाही. आणि तिच्या पत्त्यातलं ते 'मार्फत' काढा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. अर्ज टेबलावर गेला की नेमक्या त्याच दोन गळतील, हेही मला माहीत आहे. म्हणून अर्जात त्या पहिल्या लिहिल्या आहेत.

पत्राचा मसुदा तयार आहे. रविवारी संध्याकाळी बोपोडीला आमच्या खोलीवर या, दार ओळखायला अडचण पडणार नाही. सह्या इंग्रजीत करू नका, वाचता येतील अशा करा. सही करणाऱ्यानं नावापुढं आपलं शिक्षण, पद, शाखेचा अध्यक्ष-उपाध्यक्ष वगैरे काही लिहायचं नाही. मागच्या वेळी एका अर्जावर आपल्याच पोरांनी अर्धं पान पदांनी भरवलं होतं. मावशीला लिहिता येत नाही, ती अंगठा देणार आहे. त्या अंगठ्याशेजारी तिचं नाव लिहायचं काम आईनं मागून घेतलंय.